सटवाजीनं पाडलेले पाच वाटे

सटवाजी अठ्ठावीस वर्षं सरकारी साखळी ओढत होता. जमीन मोजायची लोखंडी साखळी असते, तेहतीस फुटांची. तिचं पुढचं टोक धरून चालायचं, ताण द्यायचा, खुंटी ठोकायची, मागच्याला हाक मारायची आणि पुन्हा चालायचं, एवढंच काम. कळमनुरीपासून हट्ट्यापर्यंत त्याच्या पायाखालून न गेलेलं शिवार शोधावं लागलं असतं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बांधावर उभा राहिला, की नुसत्या नजरेनं शेत किती गुंठ्यांचं ते सांगायचा आणि मोजल्यावर ते तेवढंच भरायचं.

मात्र कागदावर ते तेवढंच भरेल असं नव्हतं. मोजणीच्या वेळी बांधावर कोण उभं आहे, त्यावर शेत दोन-चार गुंठे लहान-मोठं व्हायचं. सटवाजी आकडा ओरडायचा, झाडाखाली बसलेला कारकून तो ऐकायचा आणि दुसराच लिहायचा. सुरुवातीला सटवाजीला वाटलं, कारकुनाला कमी ऐकू येतं. म्हणून तो जोरात ओरडायला लागला. दोन वर्षांनी त्याच्या ध्यानात आलं, की खात्यात येणारा प्रत्येक कारकून कानानं अधू असतो.

नोकरी संपल्यावर तो साखळीसकट कसबे चिंचखड्याला, आपल्या गावी येऊन राहिला. कयाधूच्या काठचं हे गाव. वेशीतून आत आलं, की अमृतराव देशमुखांचा वाडा, त्याला देवडी म्हणत, पलीकडे बाजार, बाजारात चाँद पाशांचं सुताचं नि कापसाचं दुकान, मग नाला, नाल्यापलीकडे कोष्टीगल्ली, तिच्या शेजारी मुसलमान विणकरांचा मोमीनपुरा, आणि अगदी टोकाला नेमसिंग नाईकाचा तांडा. सटवाजीचं घर कोष्टीगल्लीच्या तोंडाशी होतं. बायको मंजुळाबाई परड्यात भाजी लावायची. सटवाजी ओट्यावर बसून रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याची पावलं मोजायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

सन चाळीसच्या सुमारास वरून, निजाम सरकारचा हुकूम आला. गावाच्या कमिटीत आजवर सगळे मेंबर सरकारच नेमायचं. आता पाच मेंबर रयतेनं निवडायचे. घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला एक मत. त्यासाठी गावाचे पाच हल्के, म्हणजे पाच भाग करायचे आणि प्रत्येक हल्क्यातून एक मेंबर घ्यायचा. हल्के कसे पाडायचे, ते जुन्या कमिटीनं ठरवायचं.

जुन्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, अमृतराव देशमुख होते. बारा वर्षं होते. हुकूम वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "चांगलं आहे. रयतेचं राज्य रयतेकडे जायलाच पाहिजे." आणि त्यांनी सटवाजीला बोलावणं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी देशमुखांचा मुनीम हातात कागद घेऊन पुढे, सटवाजी साखळी घेऊन मागे, असे दोघं देवडीपासून निघाले. वीस पावलं सरळ गेल्यावर मुनीम म्हणाला, "आता डावीकडं." डावीकडे तीन घरं झाली, मग उजवीकडे. एक घर सोडून पुन्हा डावीकडे. मग मागं. मग वाण्याच्या घराला वळसा घालून, लोहाराचं घर वगळून, देवळाच्या पाठीमागून पुन्हा बाजारात.

दुपारी सटवाजी थांबला. "मुनीमजी, मी अठ्ठावीस वर्षं हद्दी मोजल्या. नदीची हद्द पाह्यली, डोंगराची पाह्यली. ही कशाची हाय?"

"हल्क्याची."

"बैल चालता चालता मुतला की अशी रेघ उमटते."

मुनीम हसला नाही. त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि समोरच्या घराकडे पाहिलं. ते संतराम आणि ग्यानबा या दोन कुंभार भावांचं घर होतं. थोरला संतराम पुढच्या सोप्यात राहायचा आणि देवडीवर राबायचा. धाकटा ग्यानबा मागच्या खोलीत राहायचा आणि चाँद पाशांच्या कापसावर हमाली करायचा.

"हितून आतून," मुनीम म्हणाला.

"घरातून?"

"सोपा एक नंबरात. मागची खोली पाच नंबरात."

सटवाजी साखळी घेऊन घरात शिरला. संतरामची बायको सखुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नि म्हणाली, "काय मोजून राहिले भाऊजी? चूल तर माझी एवढीशी हाय."

"सरकारचं काम हाय, वहिनी."

"मंग पाय धुऊन या."

सटवाजीनं पाय धुतले आणि हद्द चुलीच्या अंगानं मागच्या दारातून बाहेर काढली. तेव्हापासून सखुबाईची चूल एक नंबरात आणि सरपण पाच नंबरात पडलं.

सगळं मोजून झाल्यावर हिशेब असा लागला: गावात मतं सहाशे वीस. देवडीच्या हल्क्यात चाळीस. दुसऱ्यात पंचावन्न, तिसऱ्यात पासष्ट. ही दोन्ही देशमुखांच्या भाऊबंदांची नि कुळांची. चौथ्यात बाजार, मतं दीडशे. आणि राहिलेलं सगळं गाव, कोष्टीगल्ली, मोमीनपुरा, म्हारवाडा, तांडा धरून तीनशे दहा मतं, एकट्या पाचव्यात. निवडणूक झाली. देशमुखांचे तीन मेंबर आले, बाजारातून चाँद पाशा आले आणि अर्ध्या गावाचा मिळून एक कोष्टी आला. तो बैठकीत कोपऱ्यात बसायचा आणि त्याला चहा शेवटी मिळायचा.

चाँद पाशांनी अर्ज केला. गावात अर्ज लिहून देणारा एकच होता, तहसीलीच्या पायरीवर बसायचा, खाजा मिया त्याचं नाव. त्यानं फार सुंदर लिहिलं. 'गरीब रयतेच्या गळ्यावर सुरी फिरली आहे, न्यायाच्या दिव्यात तेल राहिलेलं नाही, हुजूरनी लक्ष घालावं.' हुजूरनी लक्ष घातलं. दोन वर्षांनी मुदत संपली तेव्हा वरून नवा हुकूम आला, की सगळ्या हल्क्यांत मतं सारखी असली पाहिजेत. आणि देशमुखांविरुद्ध तक्रार असल्यामुळं नकाशा या वेळी चाँद पाशांच्या देखरेखीखाली व्हावा.

कोष्टीगल्लीत त्या दिवशी गूळ वाटला. सटवाजीनंही खाल्ला. चाँद पाशांचा माणूस कागद घेऊन आला, तेव्हा सटवाजी खुशीत साखळी खांद्यावर टाकून निघाला.

मतं खरोखर सारखी होती. प्रत्येक हल्क्यात एकशे चोवीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. फक्त कोष्टीगल्लीचे चार तुकडे झाले होते. कोष्ट्यांचं चाँद पाशांशी सुतावरून बिनसलं होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. आता त्यांच्या गल्लीतली पहिली तीस घरं बाजाराला जोडली, पुढची तीस मोमीनपुऱ्याला, त्यापुढची तीस नाला ओलांडून वेशीला आणि उरलेली तांड्याला. कुठंच त्यांचा माणूस निवडून येणार नाही इतकीच मतं प्रत्येक ठिकाणी ठेवली होती. देशमुखांची सगळी माणसं मात्र गावभरातून वेचून एकाच हल्क्यात भरली. ती वेचायला सटवाजीला तीन दिवस साखळी ओढावी लागली. सखुबाईच्या घरातून या वेळी हद्द आडवी गेली; चूल आणि सरपण एकत्र आलं, पण शेळी वेगळी झाली.

"पाशाभाई," सटवाजी दुकानात जाऊन म्हणाला, "पयल्या बारीला तुमीच म्हणले का हे वाकडं हाय. मंग हे काहून असं?"

चाँद पाशा भला माणूस. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. "सटवाजी, गिनती बराबर है ना? हुकूम गिनतीचा होता. वाकड्यातिकड्याचा हुकूम कुठं आलाय?"

निवडणूक झाली. चाँद पाशांचे चार मेंबर आले, देशमुखांचा एक. कोष्ट्यांचा एकही नाही. देशमुख तहसीलीच्या पायरीवर खाजा मियाकडे गेले. खाजा मियानं पेटीतून जुनी नक्कल काढली, वरचं नाव बदललं आणि खाली तसंच लिहिलं, की गरीब रयतेच्या गळ्यावर सुरी फिरली आहे. देशमुखांनी ऐकलं आणि म्हणाले, "वा. मनातलं लिहिलंस."

त्या उन्हाळ्यात कोष्टीगल्लीच्या आडाचा कठडा ढासळला. गल्लीतल्या लोकांनी कमिटीकडे सांगावा धाडला. पण आपला मेंबर कोण, हेच कुणाला नक्की सांगता येईना. एका आडाभोवतीची घरं चार हल्क्यांत होती. चौघा मेंबरांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्याच बैठकीत चाँद पाशांच्या दुकानापुढचा रस्ता फरशीचा करायचं एकमतानं ठरलं. त्याआधीच्या कमिटीनं देवडीपुढं मोठी बत्ती लावली होती, तीही एकमतानंच.

एके सकाळी आशाबाई पाणी शेंदायला गेली. सटवाजीच्या शेजारची, मागावर कांड्या भरणारी बाई. पाय सरकला नि ती घागरीसकट आत गेली. सटवाजी ओट्यावरच होता. तो धावला, दोर सोडला, तांड्याचा नेमसिंग म्हशी घेऊन चालला होता तो आला, दोघांनी तिला वर ओढलं. जीव वाचला, पण कंबर गेली. त्यानंतर आशाबाई बसूनच सरकायची.

मंजुळाबाई रोज तिला भाकरी नेऊन द्यायची. एक दिवस परत आली, टोपलं खाली ठेवलं नि नवऱ्याला म्हणाली, "एक पुसू का?"

"पूस."

"ती हद्द तुमीच ओढली ना, दोन्ही डाव?"

"मी साखळी ओढली. कुठून ओढायची ते त्यांनी सांगितलं."

"व्हय. कारकून लिहायचा तवाबी तुमी असंच म्हणत होते."

 त्या दिवशी सटवाजी जेवला नाही आणि पावलंही मोजली नाहीत.

सन पंचेचाळीसला तिसऱ्या निवडणुकीची वेळ आली. तहसीलदार नवे होते. थकलेला, कोरडा माणूस. पेन्शनीला वर्ष राहिलेलं. त्यांच्या टेबलावर चिंचखड्याचे अर्ज वीतभर उंच साठले होते आणि त्यातले निम्मे शब्दाला शब्द सारखे होते. त्यांनी दोन्ही पुढाऱ्यांना चावडीत बोलावलं, गाव जमवलं आणि सटवाजीला साखळी घेऊन यायला सांगितलं.

सटवाजी आला, पण रिकाम्या हातानं.

"साखळी कुठाय?" तहसीलदारांनी विचारलं.

"घरी हाय, हुजूर. मी ओढणार न्हाई."

 देशमुख म्हणाले, "साहेब, म्हातारा झालाय तो. दुसरा बघू."

"का ओढणार नाहीस?" तहसीलदारांनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता. इतक्या वर्षांत 'नाही' असं सरळ कुणी म्हटलं नव्हतं, त्याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"मालकांनी नकाशा केला, तवा त्यांला कोन कुणाला मत देतं ते पयलंच ठावं होतं. पाशाभाईंलाबी ठावं होतं. मंग हद्द ओढायची काय गरज? निवडणूक तर घरात बसूनच झाली. लोक निस्ते हेलपाटे घालून राहिले."

मागून कुणीतरी हसलं. तहसीलदारांनी तिकडं पाहिलं, मग सटवाजीकडं. "बोलायला सोपं आहे. तू असतास तर कशी ओढली असतीस?"

सटवाजीनं याचा विचार केला होता. आशाबाई आडात पडल्यापासून तो दुसरा विचारच करत नव्हता. "भावाभावांची वाटणी होते तशी," तो म्हणाला. "थोरला वाटे पाडतो, धाकटा आदी उचलतो. म्हणून थोरला वाकडा वाटा पाडत न्हाई. मतं सहाशे वीस. कुठून तरी निघायचं नि घरोघरची मतं मोजत चालायचं. एकशे चोवीस झाली की दगड रवायचा, फुडं चालायचं. गल्ली धरली की ती सरल्याबिगर दुसरीत शिरायचं न्हाई. घर कापायचं न्हाई. नाला नि रस्ता, यांच्याच अंगानं जायचं. आता निघायचं कुठून, ते मालक सांगतील. डावीकडून फिरायचं का उजवीकडून, ते पाशाभाई सांगतील. अन् आत्ताच सांगतील, हितं, सगळ्यांदेखत. उद्या न्हाई."

"उद्या का नाही?" देशमुख पटकन म्हणाले.

"उद्या तुमी मोजून येताल, मालक."

आता साराच गाव हसला. तहसीलदारसुद्धा. ते म्हणाले, "ठीक आहे. देशमुखसाहेब, बोला."

देशमुखांनी मुनीमाकडे पाहिलं. मुनीमाच्या हातात कागद होता, पण त्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. डावीकडून फिरलं तर काय होईल, उजवीकडून फिरलं तर काय, हे बोटांवर मोजता मोजता देशमुखांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते म्हणाले, "देवडीपासून." दुसरी जागा त्यांना सुचलीच नाही. चाँद पाशांनी डोळे मिटून दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उलटे हाथ से. डावीकडून." देशमुख काय म्हणतात त्याच्या उलट म्हणायची त्यांना वीस वर्षांची सवय होती, पण या वेळी उलट म्हणण्यात फायदा आहे की तोटा, हे त्यांनाही कळत नव्हतं.

सटवाजी घरी गेला, साखळी घेऊन आला आणि निघाला. मागं तहसीलदार, त्यांच्या मागं दोघं पुढारी, त्यांच्या मागं गाव. सखुबाई दारात उभी होती. साखळी सरळ रस्त्यानं पुढे गेली तसं तिनं विचारलं, "आज आत न्हाई?" सटवाजीनं मान हलवून नाही म्हटलं.

दोन ठिकाणी मुनीम हळूच जवळ आला. "तीन घरं इकडं घेतली तर काय बिघडतं?" सटवाजी म्हणाला, "मंग फुडची तीन तिकडं जातील, त्याच्या फुडची आनिक तीन. तुमी साहेबांना इचारा, सगळं गाव सरकवायचं का." मुनीम साहेबांकडे गेला नाही. दिवस मावळायच्या आत पाच दगड रोवून झाले. देवडीच्या हल्क्यात अर्धा बाजार आला. कोष्टीगल्ली अख्खी एका जागी राहिली. तांडा, म्हारवाडा नि नाल्याकाठची घरं मिळून एक हल्का झाला.

यानंतर गावानं कधी न पाहिलेली गोष्ट घडली. अमृतराव देशमुख बाजारातल्या तेल्याच्या घरी मत मागायला गेले. त्या ओट्यावर ते जन्मात पहिल्यांदा बसले. तेल्यानं पाणी दिलं, नालीची तक्रार सांगितली, पुन्हा पाणी दिलं, पुन्हा तीच तक्रार सांगितली. चाँद पाशा मोमीनपुऱ्यात घरोघर फिरले आणि त्यांना कळलं, की खतीजाबी नावाची म्हातारी पाच वर्षं त्यांच्या दुकानातून मिळालेलं तुटकं सूत परत करायला येते आणि नोकर तिला दारातूनच हाकलतो. देशमुख नऊ मतांनी निवडून आले. चाँद पाशाही आले, सहा मतांनी. कोष्ट्यांचा माणूस आला, नेमसिंग आला आणि वेशीकडच्या हल्क्यातून एक साधा शेतकरी आला, ज्याला स्वतःलाच याचं आश्चर्य वाटलं.

पहिल्या बैठकीत आडाच्या कठड्याचा ठराव आला. कुणी विरोध केला नाही. पुढच्या निवडणुकीला बहुमत हवं असेल तर तेली आणि कोष्टी दोघांच्याही दारात जावं लागणार, हे सगळ्यांना कळलं होतं. कठडा दगडी बांधला, वर चार खांबांची चौकट घातली. देशमुख गावोगाव सांगत फिरले, की सरळ हद्दीची कल्पना मूळ त्यांची. चाँद पाशा बाजारात सांगायचे, की दिशा त्यांनी ठरवली म्हणून सगळं जमलं.

पण सहा-नऊ मतांवर जगणं दोघांनाही सोसेना. सत्तेचाळीसच्या अखेरीस एका दुपारी देशमुख स्वतः चाँद पाशांच्या दुकानात गेले. वीस वर्षांत एकमेकांकडे पाहून न हसलेली ही माणसं दोन तास दार लावून बसली. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून खाजा मियाकडे आले. अर्ज एकच होता नि सह्या दोन. साखळी ओढणाऱ्या एका अडाणी माणसाच्या लहरीवर गावाचा कारभार चालू देणं बरं नाही. हल्के पाडायचं काम जाणत्या, प्रतिष्ठित गृहस्थांकडे पुन्हा द्यावं. खाजा मियानं विचारलं, "वरती गळ्यावरची सुरी ठेवू का?" देशमुख म्हणाले, "ठेव."

सटवाजीला हे कळलं, तेव्हा त्याला राग आला नाही. तो मंजुळाबाईला म्हणाला, "वीस वर्षं एका पंगतीत जेवले न्हाईत. आपल्या नकाशानं एकत्र बसवलं." मंजुळाबाई म्हणाली, "मंग आता पुन्हा वाकडी हद्द ओढाल?" तो म्हणाला, "न्हाई. साखळी मी सरकारात जमा करून आलो."

अर्जाचा निकाल लागायच्या आधीच साऱ्या मुलखाचा निकाल लागायची वेळ आली. अठ्ठेचाळीसचं ते वर्ष वाईट गेलं. लोक संध्याकाळी दारं लावायला लागले. काही घरं कुलपं घालून सरहद्दीपलीकडं, पुसदकडं गेली. चाँद पाशांनी दुकान अर्धं बंद केलं. भादव्यात फौजा आल्या, निजामाचा अंमल संपला. त्या आठवड्यात मोमीनपुऱ्यावर माणसं चालून येणार अशी आवई उठली. कोष्टीगल्लीतली माणसं नि तांड्यावरची माणसं दोन दिवस मोमीनपुऱ्याच्या तोंडाशी काठ्या घेऊन बसली. त्यात सटवाजी होता, नेमसिंग होता आणि संतराम-ग्यानबाही होते. चालून कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी खतीजाबीनं सगळ्यांना गुळाचा चहा पाजला.

नवा अधिकारी परमुलखातला होता. त्यानं जुनी कमिटी बरखास्त केली, दप्तर मागवलं. दप्तरात सगळ्यात वर शेवटच्या निवडणुकीचा नकाशा होता आणि त्याच्याखाली वीतभर अर्ज. अर्ज सगळे उर्दूत होते. त्याला उर्दू येत नव्हतं. नकाशा मात्र वाचता येण्यासारखा होता: पाच हल्के, सरळ गल्ल्या, कडेला नाला. त्यानं विचारलं, "हा कुणी केला?" कारकुनानं मागच्या तहसीलदाराचं नाव सांगितलं, कारण खाली सही त्यांची होती. अधिकाऱ्यानं शेरा मारला, की तूर्त हेच हल्के कायम ठेवावेत. देशमुखांनी लगेच जाऊन त्याचं अभिनंदन केलं.

दिवाळीनंतर शिरड शहापूरहून दोन शेतकरी बैलगाडीनं आले. त्यांच्या गावात पांदीवरून चार वाड्या भांडत होत्या. रस्ता कुणाच्या बाजूनं काढायचा, ते ठरत नव्हतं. कुणीतरी त्यांना सटवाजीचं नाव सांगितलं होतं. ओट्यावर बसताच एकजण सांगायला लागला, "आता आमच्या वाडीचे पाटील म्हंजे..."

सटवाजीनं हात वर केला. "कोन कोनाचा ते सांगू नगा. नाला कुठून जातो ते सांगा. घरं किती, ते सांगा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरला वाकून ओट्यासमोरच्या धुळीत बोटानं नाला काढायला लागला. मंजुळाबाईनं आतून विचारलं, पाव्हण्यांना भाकरी टाकू का. सटवाजी म्हणाला, टाक, आणि माझ्यासाठी दोन बांधून दे. मला जावं लागेल असं दिसतंय.